करडांच्या वाढीचा हिशेब: वजनाच्या नोंदीपासून वाढवक्रापर्यंत

खुराक बदलला तर करडे लवकर भरतात का? जुळी करडे एकुलत्याची बरोबरी कधी करतात? पैदाशीला कोणता बोकड ठेवावा आणि विक्रीचा बोकड कोणत्या महिन्यात काढावा? शेळीपालनातले असे बहुतेक प्रश्न शेवटी वजनाच्या वहीपाशी येऊन थांबतात. वही बऱ्याच ठिकाणी असते. अडतं ते त्यातून उत्तर काढताना.

कारण या आकड्यांचा स्वभाव वेगळा आहे. ५६ करडांची सात-सात वेळा वजने घेतली की ३९२ आकडे जमतात, पण त्या ३९२ स्वतंत्र साक्षी नव्हेत. आज दोन किलोने पुढे असलेले करडू पंधरा दिवसांनीही बहुधा पुढेच असते. एकाच जनावराचे आकडे एकमेकांना बांधलेले असतात, आणि हे बंधन हिशेबात धरले नाही तर नसलेला फरक दिसतो किंवा असलेला फरक झाकला जातो. त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्यांत मोजायचे एकक करडू आहे, वजन नव्हे.

उदाहरणासाठी उस्मानाबादी जात घेतली आहे. पद्धत संगमनेरीला, दख्खनी मेंढीला किंवा कालवडींनाही तशीच चालते, फक्त आकडे बदलतात.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘वाढीचा अभ्यास’ हा प्रश्न होत नाही. ‘तीन ते सहा महिन्यांच्या वयात रोज १०० ग्रॅम जादा खुराक दिल्यास रोजची वजनवाढ किती ग्रॅमने वाढते?’ हा प्रश्न आहे. त्याला सरळ रेषेचे मिक्स्ड मॉडेल (सगळ्या करडांची सामाईक रेषा आणि प्रत्येक करडाचा तिच्यापासूनचा फरक एकत्र मांडणारे समीकरण) पुरते. ‘वाढीचा वेग कोणत्या वयाला सर्वांत जास्त असतो?’ असे विचारायचे असेल तर जन्मापासून किमान वर्षभराची वजने आणि वाढवक्र, म्हणजे वयाप्रमाणे वजन सांगणारी वाकडी रेषा, लागतो. ‘कोणत्या बापाची पिल्ले सरस?’ यासाठी वंशावळ हवी. प्रश्न आधी ठरला नाही तर वजने चुकीच्या वयांना घेतली जातात, आणि ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही.

दुसरी पायरी: किती करडे, आणि गट कसे पाडायचे

दोन गटांत फरक शोधायचा असेल तर ढोबळ सूत्र असे: प्रत्येक गटात लागणारी करडे = १६ × (प्रमाण विचलन)² ÷ (शोधायचा फरक)². प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती विखुरतात त्याचे माप. यात खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता ८० टक्के धरली आहे. समजा, रोजच्या वाढीचे प्रमाण विचलन २० ग्रॅम आहे आणि १५ ग्रॅमचा फरक पकडायचा आहे. १६ × ४०० ÷ २२५ म्हणजे २८.४, म्हणजे गटात २८-२९ करडे. सहा-सहा करडांवर खुराकाची चाचणी घेऊन ‘फरक आढळला नाही’ असे लिहिणारे प्रबंध भरपूर आहेत. तेवढ्या करडांत हा फरक बहुधा सापडणारच नव्हता.

गट पाडताना करडे सुरुवातीच्या वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा, शेजारच्या दोघांची जोडी करा आणि जोडीतले कोणते कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवा. जुळ्यांपैकी एक इकडे, एक तिकडे गेले तर फारच चांगले, कारण आईच्या दुधाचा परिणाम दोन्ही गटांत सारखा वाटला जातो. गड्याला ‘वीस करडे पकडून आण’ असे सांगून गट पाडू नका. हाताला आधी लागतात ती मंद, अशक्त करडे.

आता सर्वांत जास्त घात करणारी गोष्ट. एका कप्प्यात २८ करडे जुन्या खुराकावर आणि दुसऱ्या कप्प्यात २८ करडे नव्या खुराकावर ठेवली, तर तुमच्याकडे प्रत्येक गटाचे एकच एकक आहे, ते म्हणजे कप्पा. पावसाचा झोत येणारा कप्पा, गव्हाणीची कमी लांबी, एखादा दांडगा बोकड यांचा परिणाम आणि खुराकाचा परिणाम वेगळा करता येत नाही. कप्पे जास्त असले तरी कप्प्याची किंमत मोजावी लागते. सहा-सहा करडांचे चार कप्पे असतील आणि एकाच कप्प्यातल्या करडांतला सहसंबंध (० म्हणजे काही संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.३ असेल, तर २४ ला १ + (६ − १) × ०.३ म्हणजे २.५ ने भागायचे. हाती साधारण साडेनऊ करडांइतकीच माहिती उरते.

यावर आपल्याकडचा उपाय सोपा आहे: खुराकाच्या वेळी करडे दावणीला बांधा आणि प्रत्येकाला आपापल्या घमेल्यात मोजून खुराक द्या. उरलेले परत मोजा. दोन्ही गटांची करडे एकाच गोठ्यात मिसळून ठेवली आणि खुराक असा वेगळा दिला, की एकक पुन्हा करडू होते.

तिसरी पायरी: वजन घेणे

वजन सकाळी, चारा-पाण्याआधी घ्यावे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातला चारा-पाणी शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. एका गटाचे वजन सकाळी सातला आणि दुसऱ्याचे चरून आल्यावर घेतले तर तो फरक खुराकाच्या नावावर जमा होईल. दोन्ही गटांची करडे आलटूनपालटून काट्यावर घ्या. काटा दरवेळी ५, १० आणि २० किलोच्या प्रमाणित मापांनी तपासा आणि आलेला आकडा वहीत लिहा. जन्मवजन २४ तासांच्या आत घ्या.

छातीचा घेर आणि लांबी मोजून काढलेले वजन काट्याच्या वजनाच्या रकान्यात मिसळू नका. प्रचलित सूत्र घेर × घेर × लांबी ÷ १०,८४० असे आहे (मापे सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत). घेर ५५ आणि लांबी ५० असेल तर १३.९५ किलो येतात. टेप एक सेंटिमीटर सैल धरून घेर ५६ आला, की तेच करडू १४.४७ किलोचे होते. एका सेंटिमीटरच्या चुकीत अर्धा किलो, म्हणजे जवळजवळ आठवड्याची वाढ.

किती वेळा वजन घ्यावे? धरून चला की प्रत्येक वजनात पोटभरीमुळे आणि काट्यामुळे ०.३ किलो प्रमाण विचलनाची चूक आहे. १४ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन वजनांतून रोजची वाढ काढली तर तिच्यात ३० ग्रॅमची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातली साधारण चूक, येते. करडू रोज ८०-९० ग्रॅम वाढते आहे आणि चूक ३० ग्रॅमची! पंधरवड्याच्या वाढीवरून करडू ‘खालावले’ असे ठरवणे म्हणूनच धोक्याचे. हेच अंतर ८४ दिवसांचे केले तर त्रुटी ५ ग्रॅमवर येते. त्या ८४ दिवसांत दर १४ दिवसांनी सात वजने घेऊन रेषा बसवली तर ४ ग्रॅम. मधल्या पाच वजनांनी वेगाच्या अंदाजात एवढीच भर पडते. तरी ती घ्यावीत, कारण वाढ कुठे वाकली आणि कुठली नोंद चुकली हे त्यांच्यावाचून कळत नाही. शक्य असेल तर पहिले आणि शेवटचे वजन लागोपाठ दोन सकाळी घेऊन सरासरी लावा. एवढ्या कमी कष्टात एवढा फायदा दुसऱ्या कशात नाही.

चौथी पायरी: तक्ता लावणे

एक ओळ म्हणजे एका करडाचे एका दिवसाचे वजन. वयाप्रमाणे आडवे रकाने पाडलेला तक्ता डोळ्यांना बरा वाटतो, पण विश्लेषणाला उभाच लागतो. रकाने असे: बिल्ला क्रमांक, आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, जन्मतारीख, लिंग, जन्मप्रकार (एकुलते, जुळे, तिळे), आईचे वेत (कितवे बाळंतपण), गट, कप्पा, वजनाची तारीख, वजन, शेरा.

नेहमी होणाऱ्या चुका माहीत असलेल्या बऱ्या. एक्सेल ३/७ ही तारीख संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ३ जुलै किंवा ७ मार्च धरते, म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा. ‘आर’ (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरला आकडेमोडीसाठी इंग्रजी अंकच लागतात. मराठी कळफलकावरून भरलेली वजने तिथे रिकामी जागा होतात. न घेतलेल्या वजनाची जागा कोरी सोडा, शून्य लिहू नका. बिल्ला पडून नवा लावला असेल तर जुना-नवा क्रमांक जोडणारी यादी ठेवा, नाहीतर एक करडू मेले आणि एक अडीच महिन्यांचे होऊन जन्मले असा हिशेब निघतो.

वय नेहमी दिवसांत, वजनाची तारीख वजा जन्मतारीख असे काढा. ‘तिसऱ्या महिन्याचे वजन’ यात ७५ दिवसांचे करडूही येते आणि १०५ दिवसांचेही. सॉफ्टवेअर नसेल आणि फक्त ९० दिवसांच्या वजनांची तुलना हवी असेल तर दुरुस्त वजन काढा: (वजन − जन्मवजन) ÷ वय × ९० + जन्मवजन. ९७ व्या दिवशी ११.२ किलो भरलेले, जन्मवजन २.५ असलेले करडू ९० दिवसांना १०.५७ किलोचे धरायचे. वय आठ-दहा दिवसांनी मागेपुढे असेल तोवर हे ठीक. महिनाभराच्या फरकाला वापरू नका.

पाचवी पायरी: आधी चित्र

आडव्या अक्षावर वय, उभ्यावर वजन, आणि प्रत्येक करडाची वेगळी रेषा. दोन गट दोन चौकटींत. कोणतीही चाचणी लावण्याआधी हे चित्र पाच-दहा मिनिटे नीट पाहा. एकाच तारखेला सगळ्याच रेषा वर उसळल्या असतील तर त्या दिवशी काटा चुकला किंवा करडे पाणी पिऊन आली. (वयाऐवजी तारीख आडवी घेऊन हेच चित्र काढले की हा दोष चटकन दिसतो.) दोन रेषांनी एका दिवसापुरती एकमेकींची जागा घेतली असेल तर बिल्ल्यांची अदलाबदल झाली. दूध तोडल्यानंतर रेषा दोन-तीन आठवडे आडव्या होणे खरेच आहे, ते पुसू नका.

उस्मानाबादीसारख्या जातीत दोन वजनांमध्ये रोज २५० ग्रॅमपेक्षा जास्त वाढ, किंवा पंधरवड्यात दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली की मूळ वही काढून पाहावी. आकडा कच्च्या वहीत चुकलेला सिद्ध झाला तरच बदला. सरासरीपासून दूर आहे एवढ्यासाठी तो खोडू नये. आजारी करडू हेही कळपाचे वास्तव आहे.

सहावी पायरी: मिक्स्ड मॉडेल

दर वजनाच्या दिवशी दोन गटांची वेगळी टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी चाचणी) लावण्याची सवय सोडावी. सात चाचण्या ५ टक्के पातळीवर आणि एकमेकींपासून स्वतंत्र असत्या, तर काहीच फरक नसताना निदान एक चाचणी ‘फरक आहे’ म्हणण्याची शक्यता ३० टक्के. वजने एकमेकांना बांधलेली असल्याने ती याहून कमी असते, पण ५ टक्के नक्कीच नसते. शिवाय वाढीचा वेग वेगळा आहे का, या मूळ प्रश्नाला ती चाचणी हातच लावत नाही.

त्याऐवजी मॉडेल असे मांडा. वजन अवलंबून आहे गटावर, वयावर, गट × वय या गुणाकारावर, लिंगावर, जन्मप्रकारावर, आईच्या वेतावर आणि जन्माच्या महिन्यावर. हे झाले स्थिर घटक. त्यांच्याबरोबर रँडम, म्हणजे करडागणिक किंवा आईगणिक बदलणारे घटक: प्रत्येक करडाची स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा वेग, शिवाय आई. जन्माचा महिना विसरू नका. पावसाळ्यात वाढलेल्या करडांना हिरवा चारा मिळतो तसे जंतही मिळतात. एका गटात तीच जास्त असली तर तो परिणाम खुराकाचा वाटेल.

उत्तर गट × वय या ओळीत असते. तिथे ०.०१२ आले तर नव्या खुराकावरची करडे रोज १२ ग्रॅम जास्त वाढली. गटाच्या एकट्या ओळीचा अर्थ ‘वय शून्य असताना फरक’ असा होतो. ती वाचून निष्कर्ष काढणे ही फार जणांकडून होणारी चूक आहे. टाळण्यासाठी वयातून चाचणीच्या सुरुवातीचे वय, इथे ९० दिवस, वजा करून ठेवा. मग त्या ओळीला ‘सुरुवातीचा फरक’ असा नीट अर्थ येतो. फक्त शेवटच्या वजनाची तुलना करायची असेल, तर सुरुवातीचे वजन मॉडेलमध्ये घटक म्हणून घाला. दोन्हींचा सहसंबंध ०.६ असेल तर चुकीचे विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ६४ टक्क्यांवर येते आणि करडेही आधीच्या ६४ टक्केच पुरतात.

‘आर’मध्ये हे काम एलएमई४ (lme4) किंवा एनएलएमई (nlme) या पॅकेजने होते. काही गोष्टी सांभाळा:

वजनांतला फैलाव वयाबरोबर रुंदावतो. १० किलोच्या करडांत दीड-दोन किलोचा फरक असतो, २५ किलोच्यांत चारेक किलोचा. शिल्लक चुका (खरे वजन वजा मॉडेलने सांगितलेले वजन) विरुद्ध अंदाजित वजन असे चित्र काढा. ते नरसाळ्यासारखे उघडत असेल तर एनएलएमईमध्ये विचरण वजनाच्या घातात वाढू द्या, किंवा वजनाचा लॉग घ्या. लॉग घेतला तर उत्तर ग्रॅममध्ये न येता टक्केवारीत येते, हे ध्यानात ठेवा.

जवळच्या दोन वजनांचा संबंध लांबच्या दोन वजनांपेक्षा घट्ट असतो. वजने सारख्या अंतराने असतील तर पहिल्या दर्जाची ऑटोरिग्रेसिव्ह रचना (प्रत्येक वजनाची चूक आधीच्या वजनाच्या चुकीशी बांधणारी) चालते. अंतरे कमीजास्त असतील तर तिचे सतत-काळाचे रूप घ्या. करडाचा स्वतःचा वेग आणि ही रचना दोन्ही घातल्यावर मॉडेल अडखळले तर एक काढा. कुठले ठेवायचे ते एआयसी (मॉडेल किती चांगले बसते आणि किती गुंतागुंतीचे आहे यांचा मेळ घालणारा आकडा) पाहून ठरवा, ज्याचा आकडा लहान ते बरे. मॉडेल बसवण्याच्या दोन पद्धतींपैकी सहसंबंधाच्या रचनांची तुलना करताना आरईएमएल (REML) आणि स्थिर घटकांची तुलना करताना एमएल (ML) वापरायची. स्थिर घटकांची तुलना आरईएमएलने केली तर एआयसीचे आकडे निरर्थक होतात.

‘सिंग्युलर’ असा इशारा आला तर बहुधा करडागणिक वेगातला फरक आकड्यांतून निघत नाही. आधी वय ३० ने भागून महिन्यांत करून पाहा, तरीही आला तर तो रँडम घटक काढून टाका. कमी करडे असताना स्वातंत्र्यमात्रा (अंदाज किती स्वतंत्र माहितीवर उभा आहे ते सांगणारा आकडा) केनवर्ड-रॉजर पद्धतीने घ्याव्यात, नाहीतर पी-मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) खोटे लहान येते.

सातवी पायरी: मधेच गेलेली करडे

बकरी ईदच्या आधी कळपातले सर्वांत भारी बोकड विकले जातात. त्यानंतरच्या वजनाच्या दिवशी सरासरी खाली येते, आणि सरासरीची रेषा पाहणाऱ्याला वाटते की वाढ थांबली. मरतुकीत उलटे होते. अशक्त करडे गळतात आणि सरासरी आपोआप सुधारते. दोन्हीकडे एकाही जिवंत करडाची वाढ बदललेली नसते.

यावर ‘सगळी वजने असलेलीच करडे घ्या’ हा उपाय वाईट आहे, त्याने निवड आणखी एकांगी होते. मिक्स्ड मॉडेल अपुऱ्या नोंदींची करडेही वापरते. करडू का गेले याचे कारण आधी नोंदलेल्या वजनांत दिसत असेल, जसे भारी म्हणून विकले, तर उत्तर विश्वासाचे राहते. मात्र विकण्याच्या किंवा मरण्याच्या दिवशीचे वजन घेतलेच पाहिजे. प्रत्येक वयाला किती करडे उरली आणि गेलेली कशाने गेली, हे दोन्ही गटांसाठी वेगळे मांडा. एका गटात मरतूक जास्त असेल तर वाढीच्या आकड्याआधी तेच सांगायला हवे.

आठवी पायरी: वाढवक्र

जन्मापासून वर्षभराची वजने असतील तर सरळ रेषा पुरत नाही. सुरुवातीला हळू, मग जोरात, मग पुन्हा मंद अशी वाढ पकडायला गॉम्पर्ट्झ वक्र शेळी-मेंढीत बहुधा चांगला बसतो:

वजन = प × ई^(−ब × ई^(−क × वय))

‘ई’ म्हणजे २.७१८ हा स्थिरांक, ^ म्हणजे घात, ‘प’ म्हणजे प्रौढ वजन, ‘क’ म्हणजे त्या वजनाकडे जाण्याचा वेग आणि ‘ब’ जन्मवजनाशी बांधलेला. समजण्यासाठी प = ३४ किलो, ब = २.६५, क = ०.००७ प्रतिदिन घेऊ. जन्मवजन २.४ किलो येते, ९० दिवसांना ८.३, १८० दिवसांना १६.० आणि वर्षाला २७.७ किलो. वेग सर्वांत जास्त कधी? वय = ब चा नैसर्गिक लॉग ÷ क = १३९ दिवस. तेव्हा वजन प ÷ २.७१८ म्हणजे १२.५ किलो, आणि वेग प × क ÷ २.७१८ म्हणजे रोज ८८ ग्रॅम. खुराकावर जादा खर्च कोणत्या वयात करावा याचा विचार या तीन आकड्यांपासून सुरू होतो.

वेगाचे हे टोक लॉजिस्टिक वक्रात प्रौढ वजनाच्या निम्म्यावर येते आणि बर्टालन्फी वक्रात सुमारे ३० टक्क्यांवर. ब्रॉडीच्या वक्रात असे टोकच नाही, म्हणून जन्मापासूनच्या वाढीला तो सहसा कमी पडतो. वक्र निवडताना आर-स्क्वेअरवर (वजनांतल्या फरकाचा किती भाग वक्राने पकडला ते सांगणारा आकडा) जाऊ नका. वाढीच्या आकड्यांना तो बहुधा सगळ्याच वक्रांत ०.९५ च्या वर येतो. एआयसी पाहा, आणि शिल्लक चुका वयाप्रमाणे मांडा. जन्माच्या वेळी सगळ्या चुका एकाच बाजूला पडत असतील तर एआयसी कितीही चांगला असो, तो वक्र लहान करडांबद्दल चुकीचे सांगतो.

‘आर’मधले तयार गॉम्पर्ट्झ फंक्शन तिसरा आकडा वेगळ्या रूपात देते: तो ०.९९३ च्या आसपास दिसतो, त्याचा नैसर्गिक लॉग घेऊन चिन्ह बदलले की क = ०.००७ मिळतो. करडागणिक फरक आधी फक्त ‘प’मध्ये येऊ द्या, गणित जुळले की ‘क’मध्ये. तिन्हींत एकदम दिला की गणित बहुधा अडकते. सुरुवातीचे अंदाज असे द्या: ‘प’साठी कळपातल्या प्रौढ जनावरांचे वजन, ‘ब’साठी प ÷ जन्मवजन याचा नैसर्गिक लॉग, ‘क’साठी ०.००५ ते ०.०१.

चार महिन्यांतच वजने थांबली असतील तर हा वक्र बसवू नये. वाकण्याची जागा आकड्यांत आलेलीच नसते. मग संगणक ‘प’ ९० किलोही सांगतो आणि ‘क’ तेवढाच लहान करून हिशेब जुळवतो. अशा वेळी ९० दिवसांना सांधा असलेल्या दोन सरळ रेषा, दूध तोडण्याआधीची आणि नंतरची, जास्त खरे सांगतात.

नववी पायरी: निकाल पैशांत मांडणे

पी-मूल्य एकटे देऊ नका. अंदाज आणि त्याची ९५ टक्के मर्यादा (खरा आकडा बहुधा जिच्या आत असतो ती) द्या: ‘रोजची वाढ १२ ग्रॅमने जास्त, मर्यादा २ ते २२ ग्रॅम.’ मग ९० दिवसांचा हिशेब करा. रोज १०० ग्रॅम जादा खुराक म्हणजे ९ किलो खुराक. बदल्यात मिळणारे वजन १.०८ किलो, खालच्या मर्यादेने फक्त १८० ग्रॅम आणि वरच्या मर्यादेने जवळजवळ दोन किलो. या तिन्ही वजनांना तुमच्या बाजारातला जिवंत वजनाचा भाव लावा आणि ९ किलो खुराकाची किंमत वजा करा. मधल्या आकड्याला नफा आणि खालच्या आकड्याला तोटा निघत असेल, तर संपूर्ण कळपाचा खुराक बदलण्याआधी पुढच्या वेताच्या करडांवर, जास्त करडे घेऊन, चाचणी पुन्हा लावावी.